गवंड्याचा गारवा आणि यंत्राचा गारवा

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० फूट उंचीच्या पठारावर वसले आहे, आणि या उंचीनेच त्याला सौम्य हवेची कीर्ती मिळवून दिली. १६३८ मध्ये हे शहर आदिलशाहीकडे आले व शहाजीराजांच्या जहागिरीचे मुख्य ठाणे झाले. पुढे १८०९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या रोगट हवेला कंटाळलेल्या इंग्रजांनी आपली छावणी येथे आणली. तथापि केवळ निसर्गाच्या भरवशावर येथील माणूस कधीच विसंबून राहिला नाही. १८८४ च्या जानेवारीत येथील पारा ७.८ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. २०१६ च्या एप्रिलमध्ये तो ३९.२ अंशांपर्यंत चढला. घर उन्हाळ्यात गार आणि थंडीत ऊबदार कसे राखावे, हा प्रश्न येथे प्रत्येक पिढीपुढे होता. काळाबरोबर बदलला तो हा प्रश्न सोडविणारा कारागीर.

हैदरअलीने १७८१ मध्ये आरंभिलेला आणि टिपूने १७९१ मध्ये पुरा केलेला उन्हाळी महाल पाहिला, म्हणजे जुन्या कारागिराची दृष्टी ध्यानात येते. सागवानी खांबांचे खुले दालन, खोल सज्जे आणि त्यांतून खेळणारा वारा एवढीच त्याची सामग्री. छावणीतील बंगल्यांनी उंच छत व प्रशस्त व्हरांडा यांवर भर दिला, आणि खिडक्यांवर लाकडी पट्ट्यांची उतरती झडप बसविली. या झडपेला स्थानिक बोलीत ‘मंकी टॉप’ असे नाव पडले. ती ऊन व पाऊस अडवी, वाऱ्याला मात्र वाट देई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वसलेल्या मल्लेश्वरम् व बसवनगुडी या वसाहतींतही जाड भिंती, छतालगतचे झरोके आणि मंगळुरी कौले हीच योजना दिसते. गारव्याची निवड घराचा पाया आखतानाच होत असे, आणि ती करणारे असत गवंडी व सुतार.

ऊब मिळविण्याची रीत याहून साधी होती. सबंध घर तापविण्याची येथे गरजच नव्हती. पहाटेच्या स्नानाला कढत पाणी मिळाले की भागे. न्हाणीघराच्या चुलीवर तांब्याचा हंडा चढे आणि नारळाची सोडणे व लाकूडफाटा यांवर पाणी तापे. महाराष्ट्रातील बंबाचाच हा दक्षिणी सोयरा म्हणावयास हरकत नाही.

१९०५ मध्ये शिवनसमुद्रच्या जलविद्युतेने बंगळूर उजळले आणि यथावकाश घरोघरी विजेचा पंखा आला. त्याआधी तीनच वर्षे, १९०२ मध्ये, अमेरिकेत विलिस कॅरियर याने वातानुकूलनाचे यंत्र रचले होते. घरासाठी नव्हे, तर एका छापखान्यातील दमट हवा काबूत ठेवण्यासाठी. या यंत्राचे माप ‘टन’ हे मात्र त्याहून जुने, बर्फाच्या व्यापारातले. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता बाहेर काढणारे यंत्र ते एक टनाचे. असाच बर्फ १८३३ मध्ये बोस्टनहून जहाजाने कलकत्त्यास आला होता.

पुढे घरे बदलली. जाड चुनेगच्चीच्या जागी काँक्रीटचा पातळ स्लॅब आला, झरोके बुजले, व्हरांडे आटले, आणि भिंतीच्या जागी काच आली. परिणाम असा की, गारव्याचा विचार घर बांधून झाल्यावर सुरू होऊ लागला. गवंड्याने सोडून दिलेले काम यंत्र बसविणाऱ्याच्या माथी आले.

म्हणूनच आज यंत्राइतकीच त्या माणसाची निवड महत्त्वाची ठरते. खोलीत पाऊल न टाकता जो ‘दीड टन घ्या’ असे सांगतो, तो विक्रेता होय. जाणता कारागीर नव्हे. जाणता कारागीर प्रथम क्षेत्रफळ मोजतो. पश्चिमेची भिंत किती तापते, खोली वरच्या मजल्यावर आहे काय, काच किती आणि माणसे किती, हे तो विचारतो. गरजेपेक्षा मोठे यंत्र खोली झटपट गार करून थांबते, पण हवेतील दमटपणा तसाच राहू देते. लहान यंत्र दिवसभर राबूनही अपुरे पडते. आतील व बाहेरील भाग जोडणारी तांब्याची नळी तो शक्य तितकी आखूड ठेवतो, यंत्र चालू करण्यापूर्वी तीतील हवा व ओल पंपाने पुरती काढतो, अर्थिंग तपासतो आणि बाहेरच्या भागाला मोकळी हवा मिळेल अशी जागा शोधतो. वीज किती लागेल याचा अंदाज २००६ पासून सुरू झालेल्या तारांकनावरून येतो. बसविण्यातील हयगय मात्र कोणतीही तारका भरून काढू शकत नाही.

हंड्याची जागा येथील असंख्य गच्च्यांवर सूर्यतापकाने घेतली आहे. त्याचे तत्त्व सुबोध आहे. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, म्हणून टाकी तापकाच्या वर असली की पंपावाचून पाणी फिरते. तापकाचे तोंड दक्षिणेस हवे आणि त्यावर शेजारच्या इमारतीची सावली पडता कामा नये. विंधनविहिरीच्या जड पाण्याने नळ्यांत क्षार साचतात. तेव्हा ते साफ करण्यास पुन्हा येईल असाच माणूस निवडणे शहाणपणाचे.

एक गोष्ट मात्र विसरता येत नाही. यंत्र उष्णता नाहीशी करीत नाही. ती एका जागेवरून उचलून दुसरीकडे टाकते. घरातून काढलेली उष्णता गल्लीत, म्हणजे बहुधा शेजाऱ्याच्या खिडकीशी, जाते आणि मग त्यालाही यंत्र घेणे भाग पडते. गवंड्याच्या गारव्याचा भार शेजाऱ्यावर पडत नसे. बंगळूरच्याच भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये सुरू झालेल्या ‘अस्त्र’ या केंद्राने दाबून घडविलेल्या मातीच्या विटांचा अभ्यास व प्रसार केला आणि भिंतीचा विचार पुन्हा विद्वानांच्या चर्चेत आणला. गृहस्थाने आधी पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा घालावा, गच्चीला पांढरा लेप द्यावा, बुजलेला झरोका उघडावा, आणि मग उरलेल्या उष्म्यापुरतेच यंत्र घ्यावे. असे केल्यास यंत्र लहान पुरते, बिल आटोक्यात राहते, आणि ज्या हवेसाठी माणसे या पठारावर आली, ती हवाही काही अंशी राखली जाते.