पायधुणीला पाय का धुवायचे?

आमच्या माळेगाव बुद्रुकला "पाणी सुटलं" असं कुणी म्हटलं की कालव्याची पाळी आली असं समजायचं. चांगली बातमी! मुंबईत जुलैमध्ये "पाणी भरलं" असं ऐकू आलं की लोक घाईघाईने स्टेशन गाठतात. पाणी तेच, पण दुष्काळी भागातल्या माणसाला हे समजायला वेळ लागतो. तर मंडळी, या शनिवारी थोडा मुंबईच्या पाण्याचा इतिहास.

मुंबई सात बेटांची होती हे शाळेत सगळेच शिकतो. पण बेटांच्या मधे काय होतं? महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधे मोठं खिंडार होतं. भरतीला समुद्र तिथून आत घुसायचा आणि पार भायखळ्यापर्यंतची सखल जमीन पाण्याखाली जायची. चिखलपाणी तुडवून आलेला माणूस जिथे पाय धुवायचा ती पायधुणी. उमरखाडीच्या तर नावातच खाडी आहे. आज दोन्हीकडे समुद्र औषधालाही दिसत नाही, नावं तेवढी राहिली.

हे खिंडार बुजवलं गव्हर्नर विल्यम हॉर्नबीच्या काळात, साधारण १७८४ पर्यंत. हाच तो हॉर्नबी वेलार्ड (पोर्तुगीज 'व्हॅलाडो', म्हणजे बांध किंवा कुंपण). आजचा लाला लजपतराय मार्ग त्याच्यावरूनच जातो.

आता खरी गंमत. लोक सांगतात की हा बांध बांधला की ढासळायचा. मग कामावरच्या रामजी शिवजी प्रभू या पाठारे प्रभू गृहस्थांच्या स्वप्नात देवी आली, म्हणाली आधी मला पाण्यातून वर काढ. महालक्ष्मी, महाकाली आणि महासरस्वती अशा तीन मूर्ती समुद्रात सापडल्या आणि त्यानंतर बांध टिकला. १८३१ मध्ये धाकजी दादाजी या व्यापाऱ्याने देवळाची इमारत उभी केली. नवरात्रात तिथे अजून तोबा गर्दी असते.

स्वप्नाचं काय ते ज्याचं त्याने ठरवावं. मला ही गोष्ट जुन्या कोडमधल्या कॉमेंटसारखी वाटते. लिहिणारा केव्हाच निघून गेला, पण सांगून गेला की बाबांनो, इथे समुद्राने सहजासहजी माघार घेतलेली नाही, जपून हात लावा.

आपण ती कॉमेंट वाचली का? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला तेव्हा सगळ्यांना मिठी नदी आठवली. पण परळचं हिंदमाता दरवर्षी त्याच्या कितीतरी कमी पावसात तुंबायचं. कारण साधं आहे. जमीन बशीसारखी सखल, आणि भरतीच्या वेळी नाल्यांची तोंडं समुद्राच्या पातळीखाली. पाणी जाणार कुठे? म्हणून हाजीअली आणि लव्हग्रोव्हला मोठाले पंप बसवावे लागले. ज्या किनाऱ्यावर समुद्राला आत येऊ नको म्हणून बांध घातला, तिथेच आता आतलं पाणी बाहेर ढकलावं लागतं! २०२१ पासून तर दादर-परळच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्या बांधल्या. ओहोटी लागेपर्यंत पाणी तिथे थांबतं. म्हणजे वर पोरं खेळतात आणि खाली जुनी खाडी मुक्कामाला असते.

पाण्याशी जमवून घ्यायची दुसरीही रीत याच किनाऱ्यावर आहे. हाजीअलीच्या दर्ग्याची वाट भरतीला बुडते. लोक ओहोटीची वाट बघतात आणि मग जातात. वरळी कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात आणि पावसाळ्यात किनाऱ्याला लागलेल्या होड्यांचा हंगाम पुन्हा सुरू होतो. कोळ्यांचं अंगण म्हणजे किनाराच. होड्या तिथे, जाळी तिथे, सणही तिथेच. म्हणून कोस्टल रोडच्या पुलाचे खांब जवळजवळ येणार म्हटल्यावर ते अडून बसले. होडी लाटेवर तिरकी होते, तिला जागा लागते, हे त्यांना कुणी शिकवायला नको. शेवटी ६० मीटरचं अंतर १२० मीटर करावं लागलं. त्यांची मागणी त्याहूनही जास्त होती.

सांगायचा मुद्दा असा की रूढी, दंतकथा, गल्लीबोळांची नावं यांना आपण 'आमच्या आजीच्या गोष्टी' म्हणून बाजूला टाकतो. पण पाणी पूर्वी कुठून जायचं याची नोंद बऱ्याचदा तिथेच असते. आराखड्यातून खाडी खोडता येते, पण पाणी काही आराखडा बघून वाहत नाही.

तेव्हा घर घेताना मजला, पार्किंग वगैरे जरूर बघा. पण त्या भागाचं जुनं नाव काय होतं, हेही एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारून ठेवा.