फ्रीमेसन पूर्वजांचा शोध : लॉजच्या सदस्य-नोंदवह्यांचे मूल्य व मर्यादा

आपला एखादा पूर्वज फ्रीमेसन होता, ही माहिती पुष्कळ घराण्यांत केवळ तोंडी परंपरेने टिकून असते. तिची शहानिशा करण्याचे विश्वसनीय साधन म्हणजे लॉजची सदस्य-नोंदवही. गुप्ततेविषयी प्रसिद्ध असलेल्या या संघटनेने आपल्या सभासदांची नोंद मात्र चिकाटीने ठेवली. तथापि नोंदवहीत नाव न सापडणे म्हणजे सदस्यत्व नसणे, असा निष्कर्ष काढता येत नाही, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

इंग्लंडमधील इ. स. १७५१ ते १९२१ या काळातील नोंदवह्या आता संगणकावर पाहता येतात. त्यांत सामान्यतः सदस्याचे नाव, वय, निवासस्थान, व्यवसाय व दीक्षेची तारीख आढळते. याशिवाय १७९९ च्या कायद्यान्वये ब्रिटनमधील लॉजना सभासदांची यादी दरवर्षी स्थानिक न्यायप्रशासनाकडे सादर करावी लागे. हे बंधन १९६७ पर्यंत होते. त्यामुळे संघटनेच्या दप्तराबाहेरही, जिल्हा अभिलेखागारांत, स्वतंत्र पुरावा मिळू शकतो.

मर्यादा मात्र अधिकारक्षेत्राची आहे. १७५१ ते १८१३ या काळात इंग्लंडमध्येच दोन प्रतिस्पर्धी ग्रँड लॉज होत्या, तर आयर्लंड व स्कॉटलंड यांच्या ग्रँड लॉज वेगळ्या होत्या. मुंबईचे उदाहरण येथे बोलके आहे. माणेकजी खरशेदजी यांना मुंबईत प्रवेश नाकारला गेला, तेव्हा त्यांनी पॅरिस येथे दीक्षा घेतली. पुढे १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने भारतीयांना प्रवेश देणारे 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज स्थापन झाले, तेही स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजच्या अधिकाराखाली. साहजिकच त्या लॉजमध्ये दीक्षा घेतलेल्या मुंबईकराचा शोध केवळ इंग्लंडच्या नोंदवहीत घेतल्यास पदरी निराशा येईल. शिवाय 'खरशेदजी' हे नाव इंग्रजी कागदपत्रांत 'कर्सेटजी' असेही येत असल्याने नावांची सर्व लेखनरूपे तपासणे आवश्यक ठरते.

सारांश, प्रथम लॉज, मग त्याचे अधिकारक्षेत्र आणि शेवटी नाव, हा शोधाचा क्रम असावा. नोंद सदस्यत्व सिद्ध करते. त्यामागील श्रद्धा, हेतू वा स्नेहसंबंध ती सांगत नाही. त्यासाठी पत्रव्यवहार, मृत्युपत्रे व तत्कालीन वृत्तपत्रे यांची जोड द्यावी लागते. हा विवेक न पाळल्यास, ज्यांना एका दारातून परत पाठविले गेले व ज्यांनी दुसरे दार उघडून घेतले, नेमके तेच पूर्वज इतिहासातून निसटतात.