डीएनएच्या असामान्य रचना आणि जनुक नियमन : बंगळूर, मुंबई व पुणे येथील संशोधनाचा ऐतिहासिक आढावा

१९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएचे दुहेरी सर्पिल मांडले आणि तेव्हापासून ते चित्र इतके सर्वमान्य झाले की डीएनए म्हणजे उजव्या पिळाची दुपदरी शिडी, असे समीकरणच रूढ झाले. आपल्या वर्गांतूनही बहुधा तेवढेच शिकविले जाते. वस्तुतः याच रेणूला तिपदरी, चौपदरी आणि डाव्या पिळाचेही रूप घेता येते, व या रूपांचा जनुकांच्या नियमनाशी संबंध आहे. या शोधाच्या इतिहासात बंगळूर, मुंबई आणि पुणे येथील प्रयोगशाळांचा वाटा मोठा असूनही तो आपल्याकडे क्वचितच सांगितला जातो. प्रस्तुत लेखात त्याचा आढावा घेताना एक भेद लक्षात ठेवावयाचा आहे : परीक्षानळीत रचना दिसणे ही एक गोष्ट आणि पेशीत ती काही कार्य करते हे सिद्ध होणे ही दुसरी.

चौपदरी रचनेची चाहूल दुहेरी सर्पिलाच्याही आधीची आहे. ग्वानिलिक आम्लाच्या संहत द्रावणाचा चिकट गोळा बनतो, हे ईव्हार बँग यांनी १९१० मध्ये नोंदविले होते. त्याचे कारण कळण्यास मात्र १९६२ उजाडले. चार ग्वानीन एका पातळीत चौकटीसारखे जुळतात आणि अशा चौकटी एकीवर एक रचल्या जातात, असे गेलर्ट, लिप्सेट व डेव्हिस यांनी दाखविले. तत्पूर्वी १९५७ मध्ये फेल्सनफेल्ड, डेव्हिस व रिच यांना कृत्रिम आरएनएमध्ये तिसरा पदर आढळला होता. या गोष्टी दीर्घकाळ रसायनशास्त्रातील कुतूहल म्हणूनच राहिल्या.

भारतात या प्रश्नाला धीटपणे हात घातला तो बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत व्ही. शशिशेखरन यांनी. प्रथिनांच्या प्रसिद्ध 'रामचंद्रन आलेखा'चे ते सहकर्ते. दोन्ही साखळ्या एकमेकींभोवती पूर्ण न गुंडाळता शेजारी-शेजारी राहतात आणि उजव्या-डाव्या पिळाचे तुकडे आलटून-पालटून येतात, असे प्रतिमान त्यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मांडले. न्यूझीलंडमधील एका गटानेही १९७६ मध्ये तसाच विचार स्वतंत्रपणे पुढे आणला होता. १९७९ मध्ये क्रिक, वांग व बाउअर यांनी वर्तुळाकार डीएनएच्या साखळ्या परस्परांत किती वेळा गुंफलेल्या असतात याच्या मोजमापांवरून हे प्रतिमान नाकारले, आणि तो निर्णय योग्यच होता. परंतु त्याच वर्षी अलेक्झांडर रिच यांच्या गटाने डाव्या पिळाच्या झेड-डीएनएची स्फटिकरचना प्रसिद्ध केली. डावा पिळ अशक्य नव्हता. तो सर्वत्र असतो हे चुकीचे होते. ही बाब प्रस्तुत लेखकास उद्बोधक वाटते.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गिरिजेश गोविल आणि आर. व्ही. होसूर यांनी चुंबकीय अनुस्पंदनाचे, म्हणजे एनएमआरचे, तंत्र डीएनएच्या लहान तुकड्यांसाठी विकसित केले. या तंत्रात स्फटिकाची गरज नसते. द्रावणातील रेणूचे हायड्रोजन एकमेकांपासून किती अंतरावर आहेत हे थेट कळते. होसूर यांच्या गटाने १९९९ मध्ये मानवी टेलोमियरच्या, म्हणजे गुणसूत्राच्या टोकाच्या, क्रमातील छाटलेले तुकडे अभ्यासले. त्यांत ग्वानीनच्या चौकटींसोबत चार ॲडेनीनांचीही चौकट आढळली. पुढच्याच वर्षी एसव्ही-४० विषाणूतील जीजीजीसीजीजी या क्रमात त्यांना चार सायटोसीनांची चौकट दिसली. या क्रमाची निवड अर्थपूर्ण होती. विषाणूच्या प्रवर्तक भागात तो सहा वेळा येतो आणि एसपी-१ हे नियामक प्रथिन तेथेच बसते, हे १९८३ मध्ये कळले होते. जनुक चालू करणारा क्रम चौपदरी होऊ शकतो, एवढे मुंबईत दिसले. तो पेशीत तसा होतो, असे मात्र त्यावरून ठरत नव्हते.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने तिपदरी रचनेची बाजू हाताळली. तिसरा पदर बसवून एखादे जनुक रोखता येईल, ही कल्पना आकर्षक होती; पण तिसऱ्या पदरातील सायटोसीनला त्यासाठी आम्लधर्मी माध्यम लागते आणि पेशीचा अंतर्भाग तसा नसतो. कृष्ण गणेश, वैजयंती कुमार व सहकाऱ्यांनी सायटोसीनला स्पर्मीनची शेपटी जोडली आणि पेशीसारख्या सामूतही स्थिर तिपदर मिळविला. हे काम १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले.

कार्याचा ठोस पुरावा २००२ मध्ये आला. मानवी सी-मिक जनुकाच्या प्रवर्तकातील चौपदरी रचना एका बेसच्या बदलाने मोडली असता जनुकाची क्रियाशीलता सुमारे तिप्पट झाली, असे लॉरेन्स हर्ली यांच्या गटाने दाखविले. २००९ मध्ये दिल्लीच्या शंतनू चौधरी यांच्या गटाने त्याच रचनेशी एनएम-२३-एच-२ हे प्रथिन जुळते व जनुकाची अभिव्यक्ती वाढविते, असे सांगितले. तेव्हा एक व एकच नियम लागू नाही. तीच रचना कुलूप आणि खुंटी दोन्ही ठरू शकते.

येथे संगणकाच्या मोहाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. २००५ मध्ये क्रमशोधाने मानवी जीनोममध्ये अशा सुमारे पावणेचार लाख संभाव्य जागा मोजल्या गेल्या. ज्वारीचा सुमारे ७३ कोटी बेसचा जीनोम २००९ पासून उपलब्ध आहे; बीडच्या महाविद्यालयातील साध्या संगणकावरही बालाघाटच्या शाळूच्या या पिकात तसा शोध घेता येईल, आणि तो घ्यावाच. मात्र हाती येईल ती शक्यतांची यादी. २०१३ मध्ये प्रतिपिंडांच्या साहाय्याने मानवी पेशीत चौपदरी डीएनए दिसला खरा. तरी २०१६ मध्ये ग्वो व बार्टेल यांनी आरएनएतील अशा रचना पेशीत बहुतांशी उलगडलेल्या असतात, असे दाखविले.

म्हणून पुण्याच्या आयसर संस्थेतील एस. जी. श्रीवत्सन यांच्या गटाचे २०१८ चे काम या परंपरेत महत्त्वाचे वाटते. टेलोमियरच्या तुकड्यात त्यांनी फ्लोरीनयुक्त न्यूक्लिओसाइड बसविले आणि तो बेडकाच्या जिवंत अंडपेशींत सोडून एनएमआरने पाहिला. स्फटिकांवरून समांतर धाग्यांचा एकच आकार अपेक्षित होता. अंडपेशीत मात्र मिश्र आणि प्रतिसमांतर, असे एकाहून अधिक आकार एकाच वेळी आढळले.