मोडीचा भाव

मुंबईच्या चोरबाजाराविषयी दोन कथा सर्वांना ठाऊक असतात. पहिली व्हायोलिनची. व्हिक्टोरिया राणी मुंबईस आली, बोटीवरून सामान उतरवताना तिचे व्हायोलिन नाहीसे झाले आणि पुढे ते याच गल्लीत विकायला ठेवलेले सापडले. या कथेला एकच अडचण आहे. व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानात कधी आलीच नाही. १८७५ च्या नोव्हेंबरात मुंबईला आला तो तिचा मुलगा, प्रिन्स ऑफ वेल्स. दुसरी कथा नावाची. इथे आरडाओरडा फार, म्हणून मूळ नाव 'शोरबाजार'. इंग्रजांच्या तोंडी त्याचा 'चोर' झाला. ही कथा पर्यटकांच्या पुस्तिकांतून इतकी पसरली आहे की मटण स्ट्रीटवरचे दुकानदारही आता ती मोठ्या हौसेने सांगतात.

मला ती पटत नाही. 'श' उच्चारताना इंग्रजाची जीभ अडखळण्याचे काही कारण नाही. त्याच्या भाषेत तो वर्ण जागोजागी आहे. शिवाय दिल्लीला चोरबाजार आहे, हैदराबादच्या जुमेरात बाजारालाही लोक चोरबाजारच म्हणतात. लिस्बन शहरात दर मंगळवारी आणि शनिवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, त्याच्या पोर्तुगीज नावाचा सरळ अर्थही 'चोरटीची जत्रा' असाच केला जातो. तिथेही त्या नावाची दुसरी, सभ्य व्युत्पत्ती सांगणारे आहेत. शेजारच्या भेंडी बाजाराची गंमत याच्या उलट. क्रॉफर्ड मार्केटच्या मागचा म्हणून इंग्रजीत 'बिहाइंड द बझार', त्याचे आपल्या लोकांनी 'भेंडी बाजार' केले, असे सांगतात. भेंडीची म्हणजे पारोश्या पिंपळाची झाडे कोकणकिनाऱ्याला नवी नाहीत, पण तिकडे कोणी बघत नाही. एका गल्लीत इंग्रजांची जीभ वळत नव्हती आणि पुढच्या गल्लीत आपली, असा हा हिशेब आहे.

'चोर' या शब्दाचा अर्थ कायद्याच्या बाजूने पाहिला तर अधिक उलगडतो. इंग्लंडात फार जुना नियम होता: उघड्या बाजारात, दिवसाउजेडी, सद्भावनेने घेतलेली वस्तू नंतर चोरीची निघाली तरी ती घेणाऱ्याचीच. लंडनच्या बर्मंडसीचा जुनापुराणा बाजार या नियमामुळे बदनामही होता आणि भरभराटीलाही आला होता. तो नियम १९९४ साली रद्द झाला. आपल्याकडे १९३० चा माल विक्री कायदा झाला तेव्हा ही सवलत त्यात घेतलीच नाही. विकणाऱ्याची मालकी नसेल तर, काही ठरावीक अपवाद सोडता, घेणाऱ्यालाही ती मिळत नाही. म्हणजे जोखीम सगळी गिऱ्हाइकाच्या गळ्यात. अशा बाजाराला लोक 'चोर' म्हणतात तेव्हा तो आरोप कमी आणि सूचना जास्त असते. ही वस्तू आधी कोणाची होती ते इथे कोणी विचारत नाही, एवढेच त्या नावात आहे. आणि मला, वस्तू कोणाची होती याच प्रश्नासाठी तिथे जाणारीला, ते नाव अगदी योग्य वाटते.

मटण स्ट्रीट म्हणजे आजच्या सरदार वल्लभभाई पटेल मार्ग आणि मौलाना शौकत अली मार्ग यांच्यामधली गल्ली. १८०३ च्या फेब्रुवारीत किल्ल्यात मोठी आग लागली आणि त्यानंतर देशी वस्ती मैदानापलीकडे झपाट्याने वाढली. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाचा भाव चढला, मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो ओसरला. बँका बुडाल्या, सट्टेवाले बुडाले. झुंबरे, आरसे, बिलोरी हंड्या, शिसवी कोचे घरात आणणारी पिढी आणि ती लिलावात काढणारी पिढी यांत इथे चार-पाच वर्षांचेच अंतर होते. मुंबईत जुन्या उंची सामानाचा कायमचा व्यापार उभा राहायला ही उलथापालथ कारणीभूत झाली असावी, असा माझा तर्क आहे. बंदराचे शहर असल्याने खलाशी, साहेब, बदली होऊन जाणारे अंमलदार हे सामान मागे टाकत राहिलेच.

युरोपात अशा बाजाराला 'पिसवांचा बाजार' म्हणतात, त्याची कुळी वेगळी. पॅरिसच्या प्रशासकाने, त्याचे नाव पूबेल, १८८३ च्या अखेरीस हुकूम काढला की प्रत्येक घरमालकाने कचऱ्याला झाकणाचा डबा ठेवावा. फ्रेंच भाषेत कचऱ्याच्या डब्याला आजही 'पूबेल' म्हणतात. अमर होण्याचे हे प्रकार विचित्रच. रस्त्यावरचा कचरा चिवडून जगणाऱ्या चिंधीवाल्यांचा धंदा त्याने अडचणीत आला आणि शहराच्या वेशीबाहेर, सेंट ओवेनला, त्यांचा बाजार वाढला. त्या चिंध्यांत पिसवा असत, म्हणून ते नाव.

हे वाचताना मुंबईकराला १८९६ आठवल्याशिवाय राहत नाही. त्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. प्लेग पिसवांतून पसरतो हे पॉल लुई सिमाँ याने कराचीत प्रयोग करून दाखवले ते १८९८ मध्ये. पण कपड्यांवरचा संशय त्याआधीच पक्का होता. अंथरुणे-पांघरुणे जाळली जात होती, प्रवाशांची बोचकी उघडून वाफवली जात होती. जुना कपडा ही वस्तू एका रात्रीत भीतीची झाली. १८९८ मध्येच सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्तीतून रुंद रस्ते काढू लागला. त्यांतला सँडहर्स्ट रोड म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, चोरबाजाराची एक सीमा. हवा खेळती राहावी म्हणून आखलेल्या रस्त्याच्या कडेलाच शहराचे जुनेरे विकले जात राहिले.

पॅरिसचा माल कचऱ्याच्या डब्यातून आला, मुंबईचा मुख्यतः घराच्या दारातून. आणि तो आणणारी होती बोहारीण. गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजातल्या या बायका डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन चाळीच्या जिन्यात हाळी देत. त्यांच्याकडे पैशाचा व्यवहार नसे. तीन पँटी, दोन बुशशर्ट, एक जरीकाठी साडी आणि वर थोडी घासाघीस, मग एक डबा. "वहिनी, कॉलर विरलीय, यात काय राहिलंय?" असे म्हणत ती कपडा उजेडात धरायची, आणि घरातली बाई पातेल्याचा पत्रा बोटाने वाजवून बघायची. अर्थशास्त्राच्या पुस्तकात वस्तुविनिमय नाण्याच्या आधी येतो. गिरगाव-दादरला तो टेलिव्हिजन आल्यावरही चालू होता.

हा व्यापार फोफावला त्यामागे कापडाचे कारण आहे असे मला वाटते. सुती लुगडे घराबाहेर जात नसे. ते विरले की त्याची गोधडी, त्यातून उरले तर बाळाची दुपटी, शेवटी पोतेरे. १९६० नंतर टेरिलीन आणि नायलॉन आले. त्यांची गोधडी बोचते, दुपटे घाम टिपत नाही, पोतेरे पाणी शोषत नाही. जे घरात जिरत नाही ते दारात येते. त्याच सुमारास स्टीलची भांडी आली आणि कल्हईची कटकट गेली. नकोसा कपडा आणि हवेसे भांडे यांची गाठ बोहारणीच्या पाटीत पडली. तिने गोळा केलेल्या गाठोड्यांतले धड कपडे धुऊन, इस्त्री करून पुन्हा विकले जात. फाटके चिंधीवाल्याकडे, तिथून गॅरेजात आणि कारखान्यांत यंत्रे पुसायला.

आता मोडीविषयी. लिपी नव्हे, भांडे 'मोडीत घालणे' यातली मोड. मराठी घरात जुन्या वस्तूला दोन भाव असतात: वस्तूचा आणि मोडीचा. मोड म्हणजे ती वस्तू मोडून, वितळवून, जाळून जे हाती येईल त्याची किंमत. वस्तू टिकते की नाही हे तिच्या सौंदर्यावर क्वचितच ठरते. मोडीचा भाव वस्तूच्या भावाहून वर गेला की ती संपली.

पैठण्यांचे असेच झाले. जुन्या जरीत खरी चांदी असे, रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळून त्यावर सोन्याचे पाणी. कपडा विरला, काठ चिरले की जरीवाला येई आणि काठ-पदर वजनावर घेई. रेशीम जाळले की चांदीचा गोळा उरतो. किती पेशवाई पदर असे भट्टीत गेले याची मोजदाद नाही, कारण मोजायला काही उरलेलेच नाही. सिनेमाचेही तेच. जुन्या फिल्मच्या पट्टीत चांदी असे. चित्रपट चालून थांबला की त्याच्या प्रती चांदी काढणाऱ्यांना विकल्या जात. १४ मार्च १९३१ ला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला आपला पहिला बोलपट 'आलम आरा', त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले १९६४ मध्ये, तोवर पुष्कळ काम भट्टीने उरकले होते. छापील कागदात चांदी नसते, म्हणून त्याच चित्रपटांची पोस्टरे, गाण्यांच्या पुस्तिका आणि तबकड्या मटण स्ट्रीटवर मात्र वाचल्या. संपलेल्या चित्रपटाची पुस्तिका हातात घेऊन त्याचे कथानक वाचणे हा तिथला नेहमीचा, जरा उदास करणारा अनुभव आहे.

याच्या उलट उदाहरण पुण्याचे. कवी अज्ञातवासी म्हणजे दिनकर केळकर यांनी समया, अडकित्ते, दौती, फण्या, वज्र्या असल्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. लोक ज्यांना मोडीचाच भाव देत होते त्यांना ते वस्तूचा भाव देत होते, एवढाच त्यांचा खटाटोप. १९७५ मध्ये त्यांनी तो संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. त्याच पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात आजही लोखंडी खिळ्यांच्या ढिगात एखादा घाटदार अडकित्ता दिसतो, आणि विकणारा तो तराजूत टाकतो की बाजूला ठेवतो यावरून त्याची पिढी ओळखता येते.

मी या बाजारांत शोधते ती भांडी, आणि त्यांवरची नावे. आपल्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घालण्याची रीत होती. कोणाला, कोणाकडून, नाते काय, कधी कधी गाव आणि तारीखही. इतिहासकाराला यापेक्षा जास्त काय पाहिजे? एका तांब्यावरून कळते की मामाने भाचीला दिला, तो गिरणगावात होता आणि मूळ गाव घाटावरचे होते. अशी माणसे कोणत्याही दप्तरात सापडत नाहीत. राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड छापला तेव्हा वाड्यावाड्यांतली पत्रे साधने ठरली. चाळीतल्या बिऱ्हाडाची पत्रे कोणी ठेवली नाहीत, पण पितळेवर त्यांनी चार शब्द ठेवले. पुष्कळ भांड्यांवरचे नाव विकण्याआधी कानशीने घासलेले असते. परिस्थिती आल्याची खूण दुसऱ्याच्या हाती जाऊ नये म्हणून. तारीख मात्र बहुधा तशीच राहते. आज हीच घंगाळी झाडे लावायला आणि हॉटेलांच्या दारात फुले तरंगवायला चांगल्या भावाने जातात, मग व्यापारी ती चकाकी येईपर्यंत पॉलिश करतो. त्यात उरलेली तारीखही जाते. पितळी कर्ण्याचे बनावट ग्रामोफोन 'शंभर वर्षांचे' म्हणून विकणाऱ्यांपेक्षा मला या पॉलिशचा जास्त राग आहे. बनावट निदान काही पुसून टाकत नाही.

हा बाजार राहील किती दिवस? भेंडी बाजाराच्या सुमारे साडेसोळा एकरांचा पुनर्विकास चालू आहे, चोरबाजाराचा काही भाग त्यात येतो. जुन्या इमारती पाडण्याबद्दल हळहळणाऱ्यांनी ३१ ऑगस्ट २०१७ विसरू नये. त्या सकाळी पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसे गेली. दुकानदारांना नव्या इमारतीत गाळे मिळतील. प्रश्न शुक्रवारचा आहे. शुक्रवारी मटण स्ट्रीटवरची दुकाने बंद असतात आणि पहाटेपासून रस्त्यावर चादरी अंथरल्या जातात. खरा माल, म्हणजे ज्याची किंमत अजून कोणाला कळलेली नाही असा माल, तिथेच येतो. पुनर्विकासात गणती होते ती भाडेकरूंची. चादरवाला कोणाचाच भाडेकरू नसतो.

त्याच्यासाठी कायदा आहे, २०१४ चा पथविक्रेता कायदा. त्याच्या परिशिष्टात म्हटले आहे की जिथे विक्रेते पन्नास वर्षांहून अधिक काळ धंदा करत आले आहेत असे बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावेत आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये. तरतूद उत्तम आहे. मात्र पन्नास वर्षे सिद्ध करायची तर कागद लागतो, आणि हा बाजार दुसऱ्यांचे कागद विकत आला, स्वतःचे ठेवले नाहीत. पूर्वी महापालिका फेरीवाल्यांकडून सफाईपोटी रोजची रक्कम घेऊन पावती देई. तेवढा एक पुरावा काहींपाशी आहे. कुलपे आणि चष्म्याच्या काड्या विकणाऱ्या एका चाचांनी गेल्या पावसाळ्यात मला त्या दाखवल्या, प्लास्टिकच्या पिशवीत, रबर लावून, वडिलांच्या वेळच्या वेगळ्या आणि स्वतःच्या वेगळ्या. शेजारीच त्यांच्या चादरीवर कोणा अनोळखी घराची वीजबिले, रेशनकार्डे आणि लग्नपत्रिका पडल्या होत्या, कोणतीही उचला, दहा रुपये. पावत्यांची पिशवी त्यांनी पुन्हा सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली.