खारं पाणी, गोडं पाणी

पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा माझे रूममेट मला एका सवयीवरून चिडवायचे. नवीन जागी गेलो की मी पाण्याचा पहिला घोट लगेच गिळत नाही. जिभेवर जरा घोळवतो, मग पितो. मला वाटायचं सगळेच असं करतात. पाणी चाखून पिणारी माणसं काही ठरावीक भागातच असतात, हे तिथे गेल्यावर कळलं. मी त्यातल्याच एका भागातला, मूर्तिजापूरचा.

आमचं घर शहरात, पण शेत आणि जुनं घर तालुक्यातल्या एका खेड्यात, पूर्णा नदीच्या बाजूला. आजी तिथे राहायची. तिच्याकडे पाणी दोन जातींचं असायचं. विहिरीचं खारं पाणी भांडी-कपड्यांना, आणि लांबून आणलेलं किंवा पावसात पत्र्याखाली धरलेलं गोडं पाणी प्यायला. खाऱ्या पाण्यात साबणाला फेस यायचा नाही आणि तुरीची डाळ शिजता शिजायची नाही. सहा-सात वर्षांचा असताना मी एकदा शेतातून आलो आणि गोड्या पाण्याच्या घागरीतून पाय धुतले. आजी ओरडली, "अरे बावा, थे पानी कायले ओततं पायावर? प्याचं पानी हाये थे!" मी मार खाल्ला नाही, पण ते वाक्य लक्षात राहिलं.

तीन वर्षांपूर्वी मोठेबाबांच्या, म्हणजे वडिलांच्या मोठ्या भावाच्या, दोन्ही किडन्या कामातून गेल्याचं कळलं. आयुष्य त्यांनी खेड्यातच काढलं होतं. मी डॉक्टरांना विचारलं, "पाण्यामुळे झालं का?" ते म्हणाले, "एकट्या पाण्यावर बोट ठेवता येणार नाही. ब्लडप्रेशर आहे, दुखण्यावर वर्षानुवर्षं घेतलेल्या गोळ्या आहेत, उन्हातली मेहनत आहे. पाणी हे त्यातलं एक कारण असू शकतं." मला हो किंवा नाही असं उत्तर हवं होतं. ते मिळालं नाही, म्हणून मी वाचायला लागलो. सॉफ्टवेअरमध्ये बिघाड झाला की आधी जुने लॉग बघायचे असतात. मी आमच्या मातीचे लॉग उघडले.

•

पहिली गोष्ट कळली ती अशी की हे मीठ आपण केलेलं नाही. उत्तरेला सातपुड्याच्या गाविलगड टेकड्या, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, आणि मध्ये खचलेला एक लांबट खड्डा. लाखो वर्षं नद्यांनी तो गाळाने भरला. हीच पूर्णेची दरी. इथली काळी माती खोल आणि चिकट आहे, तिच्यातून पाण्याचा निचरा नीट होत नाही, म्हणून क्षार वाहून न जाता आतच राहतात. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या सुमारे पावणेपाच लाख हेक्टरवर आणि जवळपास ९०० गावांत हा खारपाणपट्टा पसरलेला आहे. विहिरीचं पाणी शेताला दिलं तर सोडियममुळे माती आवळते, वाळली की दगडासारखी होते. दुसरीकडे विहीर म्हणजे श्रीमंती. आमच्याकडे ती अनेकदा नुसता खर्च.

म्हणून इथल्या माणसाने जगायची पद्धत पावसावर बसवली. ज्वारी, कापूस, तूर, हरभरा ही पिकं मातीत मुरलेल्या ओलीवर निघतात. प्यायला तळ्यांचं, नाल्याकाठच्या झिऱ्यांचं पाणी. पट्ट्यात गोडं पाणी येतं ते दोनच वाटांनी, आभाळातून नाहीतर डोंगरातून. ही व्यवस्था पातळ होती, पण माणसांना तिच्या मर्यादा ठाऊक होत्या.

दहीहंडा हे नाव तुम्ही कदाचित ऐकलं नसेल. अकोल्याजवळचं गाव. १९३० साली गांधीजींनी दांडीला मीठ उचललं तेव्हा वऱ्हाडातल्या लोकांपुढे प्रश्न होता, आपल्याकडे समुद्र कुठे आहे? उत्तर जमिनीखाली होतं. त्याच एप्रिलमध्ये दहीहंड्याला विहिरीच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ तयार करून कायदा मोडला गेला. ज्या पाण्याने आमची डाळ शिजत नाही, त्या पाण्याने इंग्रजांचा कायदा मोडला, हे वाचून मला पहिल्यांदा खारपाणपट्ट्याचा अभिमान वाटला.

त्याच वर्षी जुलैमध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातलं गवत कापून जंगल सत्याग्रह सुरू केला. वऱ्हाडात मीठ आणि जंगल या दोन्ही गोष्टी एकाच वर्षी सत्याग्रहाच्या झाल्या. असं का झालं, हे समजायला आणखी मागे जावं लागतं.

•

१८५३ मध्ये निजामाने फौजेच्या कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली, तिच्याच वाटेवर मूर्तिजापूर. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने मूर्तिजापूरहून दोन अरुंद रूळ टाकले, एक अचलपूरकडे आणि एक यवतमाळकडे. आमची लाडकी शकुंतला. लहानपणी आम्हाला ती खेळण्यातली गाडी वाटायची. पण ती कापूस ओढायला जन्मली होती.

कापसाने पैसा आणला, बाजारपेठा वाढल्या, हे खरं आहे. पण इतिहासकार लक्ष्मण सत्या यांनी 'कॉटन अँड फॅमिन इन बेरार' या पुस्तकात त्याची दुसरी बाजू मांडली आहे. कापसासाठी गायरानं आणि पडीक जमिनी नांगराखाली आल्या. जंगलं सरकारी झाली. गुरं चारायला जागा उरली नाही. वाईट वर्षासाठी पेवांत साठवायची ज्वारी कमी पिकू लागली, आणि शेतकरी धान्य विकत घेणारा झाला.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला, आणि सावरायच्या आत १८९९ मध्ये पाऊस पुन्हा दगा देऊन गेला. वऱ्हाडची लोकसंख्या १८९१ च्या जनगणनेत सुमारे २९ लाख होती. १९०१ मध्ये ती साडेसत्तावीस लाखांवर आली. दहा वर्षांत माणसं वाढायला हवी होती, ती सुमारे दीड लाखाने घटली. दुष्काळात माणूस नुसता भुकेने मरत नाही. तळी आटतात, उरलेल्या डबक्यावर माणसं आणि जनावरं एकत्र येतात, आणि अर्धपोटी शरीराला पटकी, हगवण, ताप गाठतात. पाऊस न पडणं हे निसर्गाचं. पण पाऊस न पडल्यावर हाताशी काय उरेल, हे आधीच्या चाळीस वर्षांत माणसांनीच ठरवलेलं होतं.

•

या दुष्काळात आमच्याच तालुक्यातल्या दापुरे गावात एक तरुण मामाकडे शेती करत होता. नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर, जन्म १८७६ चा. १८९९ साली तो तेवीस वर्षांचा होता. मामाची जमीन सावकाराच्या घशात गेलेली त्याने पाहिली होती. १९०५ मध्ये त्याने घर सोडलं. पुढे जग त्याला गाडगेबाबा म्हणू लागलं.

शाळेत आम्ही गाडगेबाबांवर निबंध लिहायचो, 'स्वच्छतेचे पुजारी' वगैरे. तेव्हा वाटायचं, झाडू मारणं म्हणजे चांगल्या सवयी. आता वाटतं, ते त्याहून मोठं काहीतरी करत होते. पटकीने गावंच्या गावं रिकामी होण्याचा तो काळ. जत्रेत, नदीकाठी, पाणवठ्यावर घाण साचली की रोग पसरायचा. बाबा गावात आले की आधी गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनातून माणसांची डोकी साफ करायचे. पूर्णेकाठी ऋणमोचनला त्यांनी घाट बांधला, मूर्तिजापूरला गोरक्षण आणि धर्मशाळा उभी केली. आपल्या आजूबाजूची जागा आणि आपलं शरीर या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे त्यांनी पुस्तकाशिवाय सांगितलं.

•

आता आजचं. आमच्या शहराच्या घरी नळाला गोडं पाणी येतं. ते येतं कुठून, हे मी पंचवीस वर्षं कुणाला विचारलंच नव्हतं. ते येतं महानच्या धरणातून, काटेपूर्णा नदीवरच्या. या धरणाभोवती काटेपूर्णा अभयारण्य आहे. उत्तरेकडे अकोट-तेल्हारा भागातल्या खारपाणपट्ट्यातली ८४ खेडी योजना वान धरणाचं पाणी पिते, आणि वान नदी मेळघाटातून येते. मेळघाट म्हणजे १९७३-७४ मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले त्यांतला एक.

म्हणजे आमच्या नळाच्या दुसऱ्या टोकाला जंगल आहे. डोंगरावर झाड असलं की पाऊस मुरतो, नदी हिवाळ्यातही थोडी वाहते, आणि धरणात गाळ कमी येतो. झाड गेलं की तोच पाऊस एका रात्रीत माती घेऊन खाली येतो. ज्या भागात बोअर मारून सुटका नाही, तिथे डोंगरावरचं जंगल हाच पाण्याचा साठा आहे. वाघ वाचवा म्हटलं की आपल्याला सफारीचे फोटो आठवतात. खारपाणपट्ट्यातल्या बाईला त्याचा अर्थ जास्त सरळ आहे, हंडा. त्या जंगलात राहणाऱ्या कोरकूंनी आपलं गाव सोडावं आणि आपण फक्त पाणी प्यावं, हा हिशेबही बरोबर नाही. त्यांच्याशिवाय जंगल राखायच्या गोष्टी मला आता पटत नाहीत.

मी ऑनलाइन एक टीडीएस मीटर मागवलं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक लिटरला ५०० मिलिग्रॅम, दुसरा पर्याय नसेल तर २००० पर्यंत. शहरातला नळ पहिल्या मर्यादेत बसला. खेड्यातल्या आमच्या विहिरीने २००० ओलांडले. पाइपलाइन फुटली किंवा उन्हाळ्यात पाळी लांबली की गावातले लोक याच पाण्याकडे वळतात. परवडेल तो वीस लिटरचा जार विकत घेतो. ज्याला परवडत नाही, तो चाखतो आणि पितो.

मोठेबाबांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. मी सुट्टीवर असलो की मीच नेतो. तिथल्या टेक्निशियनने सांगितलं की चार तासांच्या एका डायलिसिसला साधारण १२० लिटर अतिशय शुद्ध पाणी लागतं. मी ते मोठेबाबांना सांगितलं. ते बराच वेळ मशीनकडे बघत राहिले.

"एकशेवीस लिटर," ते म्हणाले. "तुह्या आजीनं तेवढ्यात आठ दिस काढले असते."

मागच्या पावसाळ्यात आम्ही जुन्या घराच्या पत्र्याला पन्हाळ लावली आणि अंगणात पाच हजार लिटरची टाकी बसवली. गाळणीसाठी वाळू, कोळसा, खडी. यूट्यूबवर पाहून केलं, पण पद्धत आजीचीच. पहिल्या दोन पावसांचं पाणी सोडून द्यायचं, पत्रा धुऊन निघू द्यायचा, हे तिने कधीच सांगून ठेवलं होतं. टाकी भरल्यावर शेजारच्या काकू घागर घेऊन आल्या. त्यांनी ओंजळीत थोडं घेतलं, जिभेवर घोळवलं.

"गोडं हाये," त्या म्हणाल्या, आणि घागर नळाखाली लावली.