दिनविशेष : ९ डिसेंबर – महाराणी ताराबाई यांचे निधन (१७६१)

सरसेनापती हंबीरराव मोहिते यांची कन्या आणि छत्रपती राजाराम महाराजांची राणी ताराबाई यांचे ९ डिसेंबर १७६१ रोजी साताऱ्यात निधन झाले. १७०० मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले, तेव्हा त्या जेमतेम पंचविशीत होत्या. आपल्या लहानग्या मुलाला, शिवाजीला (दुसरा) गादीवर बसवून त्यांनी कारभार हाती घेतला. औरंगजेब एकेका किल्ल्याला वेढे घालत बसला असताना मराठी फौजा थेट नर्मदेपार माळव्यात धडकल्या. ताराबाईंची खरी कर्तबगारी १७०० ते १७०७ या सात वर्षांतच दिसते. १७०७ मध्ये संभाजी महाराजांचे पुत्र शाहू महाराज मोगलांकडून सुटून आले आणि गादीसाठी झालेल्या खेडच्या लढाईत त्यांच्यापुढे ताराबाईंचा पक्ष हरला. कोल्हापूरची वेगळी गादी त्यांनीच उभी केली, पण १७१४ मध्ये सवत राजसबाईने त्यांना कैदेत टाकले. शाहूंनंतर गादीवर बसलेला आणि आपला नातू म्हणून त्यांनीच पुढे आणलेला रामराजा आपला नातू नव्हे, असे १७५२ मध्ये त्यांनी जेजुरीच्या खंडोबासमोर शपथेवर सांगितले.