डॉक्टर-संशोधक : पीएच.डी.नंतर एमबीबीएस (बीदर-कलबुर्गी सीमाभाग)

डॉक्टर-संशोधक : रुग्णांवर उपचार करण्याचा परवाना असलेली आणि त्याच रोगांवर प्रयोगशाळेत किंवा वस्तीत जाऊन शिस्तीने संशोधन करणारी व्यक्ती. या घडणीच्या वाटा दोन : आधी वैद्यक व मग पीएच.डी., किंवा आधी पीएच.डी. व मग वैद्यक. भारतात पहिली वाट रुळलेली आहे, दुसरी विरळ. औराद, भालकी, बसवकल्याण व आळंद या तालुक्यांतील मराठी भाषक विद्यार्थ्यांच्या संदर्भात येथे मुख्यतः दुसऱ्या वाटेचा विचार केला आहे.

प्रदेश व संशोधनाची गरज : बीदर व गुलबर्गा (आता कलबुर्गी) हे जिल्हे हैदराबाद संस्थानात होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते म्हैसूर (आता कर्नाटक) राज्यात गेले, तर बीदरचे उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मराठवाड्याला जोडले गेले. सीमा बदलली तरी ज्वारीची भाकरी दोन्हीकडे तीच राहिली. दख्खनच्या ज्वारीखाऊ गरिबांत पेलाग्रा हा रोग आढळे : उन्हात उघड्या राहणाऱ्या त्वचेवर काळपट चट्टे, जुलाब आणि मानसिक बिघाड. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतील (पुढची राष्ट्रीय पोषण संस्था) सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये या रोगाचा संबंध ज्वारीतील ल्युसीन या अमिनो आम्लाच्या जादा प्रमाणाशी जोडला. गोपालन हे वैद्यकातील एम.डी. आणि लंडनचे पीएच.डी. होते. वॉर्डातला रुग्ण, त्याचे ताट आणि प्रयोगशाळेतले विश्लेषण यांची सांगड त्यांना घालता आली, याचे मोठे श्रेय या दुहेरी शिक्षणाला आहे.

उलट क्रमाची उदाहरणे : अमेरिकेत वैद्यकीय महाविद्यालयात पदवीनंतर प्रवेश मिळतो व एम.डी. ही तेथील पहिली वैद्यकीय पदवी चार वर्षांत होते, त्यामुळे पीएच.डी. झालेल्यांना तेथे वैद्यकाकडे वळणे सोपे जाते. फ्रान्सिस कॉलिन्स यांनी १९७४ मध्ये येल विद्यापीठातून भौतिकीय रसायनशास्त्रात पीएच.डी. केली आणि १९७७ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातून ते डॉक्टर झाले. १९८९ मध्ये सिस्टिक फायब्रोसिसचे जनुक शोधणाऱ्यांत ते होते. पुढे त्यांनी मानवी जनुकसंच प्रकल्पाचे नेतृत्व केले. सिद्धार्थ मुखर्जी ऑक्सफर्डमध्ये प्रतिकारशास्त्रात डॉक्टरेट मिळवून नंतर हार्वर्डमध्ये वैद्यक शिकले व कर्करोगतज्ज्ञ झाले.

भारतातील नियम : येथे पदवीधरांसाठी वेगळा प्रवेशमार्ग नाही. पीएच.डी. झालेल्यालाही बारावीच्या मुलांबरोबर 'नीट' ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते आणि एमबीबीएसच्या पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते. आधीच्या अभ्यासाची एकही सूट मिळत नाही. अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, त्यावर एक वर्ष इंटर्नशिप. पूर्वी नीटला २५ वर्षांची, राखीव प्रवर्गांना ३० वर्षांची कमाल मर्यादा होती. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने ती २०२२ मध्ये काढून टाकली. बारावीला जीवशास्त्र न घेतलेल्यांना हा विषय नंतर स्वतंत्रपणे उत्तीर्ण होऊन पात्र होण्याची मुभा २०२३ मध्ये मिळाली. नीट मराठीतही देता येते आणि कन्नडमध्येही.

सीमाभागातील प्रवेश : कलबुर्गीत महादेवप्पा रामपुरे वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून आहे. त्याशिवाय तेथे शासकीय गुलबर्गा आयुर्विज्ञान संस्था, ईएसआयसी व ख्वाजा बंदा नवाज ही महाविद्यालये आहेत. बीदरला बीदर आयुर्विज्ञान संस्था आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१ (जे) नुसार कल्याण कर्नाटकातील (बीदर-कलबुर्गी ज्यात येतात त्या विभागातील) संस्थांत ७० टक्के व राज्यातील इतर संस्थांत ८ टक्के जागा स्थानिकांसाठी राखीव असतात. हा हक्क मातृभाषेवर अवलंबून नाही, तो जन्म किंवा वास्तव्यावर मिळतो. म्हणून भालकीच्या मराठी कुटुंबाचाही त्यावर तेवढाच अधिकार आहे. शिवाय महाराष्ट्र शासन वादग्रस्त सीमाभागातील मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत काही जागा ठेवते.

काळ व खर्च : बी.एस्सी., एम.एस्सी. व पीएच.डी. संपेपर्यंत वय साधारण २७-२८ होते. एमबीबीएस व इंटर्नशिप धरून ते ३३-३४ वर जाते, आणि तीन वर्षांची एम.डी. केल्यास ३७ च्या आसपास. पीएच.डी.च्या कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीत २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात. एमबीबीएसला इंटर्नशिपपर्यंत विद्यावेतन नसते. शेतीवर चालणाऱ्या घराला हे ओझे जड आहे, आणि घरातल्या कर्त्या मुलाने ते उचलण्यापूर्वी घरच्यांशी उघड बोलले पाहिजे.

जवळच्या वाटा : एमबीबीएस झालेल्याला एम.एस्सी. न करता पीएच.डी.कडे जाता येते. बीदरपासून सुमारे १४० किमीवर हैदराबादला असलेले पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्र अशा डॉक्टरांना घेते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने २०२२ मध्ये वैद्यकीय विद्यालय व रुग्णालयाची घोषणा करताना एम.डी.-पीएच.डी. असा जोड अभ्यासक्रम मांडला. पीएच.डी.शिवायही संशोधन होते. जालना जिल्ह्यातील देहेड गावी जन्मलेल्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी महाडमध्ये रुग्णसेवा करताना विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग सिद्ध केला आणि ते काम 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मूल्यमापन : बारावीत असतानाच दोन्हींची ओढ असेल, तर आधी एमबीबीएस व मग पीएच.डी. हाच क्रम शहाणपणाचा. पीएच.डी. होऊन गेली असेल, तर आपल्या प्रश्नाला रुग्ण स्वतः तपासण्याची व त्यावर उपचार करण्याची गरज आहे का, हे आधी ठरवावे. डॉक्टर सहकाऱ्याबरोबर काम करून तो सुटत असेल, तर साडेपाच वर्षे खर्चू नयेत. सुटत नसेल, तर वयाकडे पाहून मागे हटू नये : नियमांतील ती आडकाठी दूर झाली आहे, आणि या भागातील रोगांना इथली भाषा व इथले ताट ओळखणाऱ्या संशोधकांची गरज आहे.